छप्पर आपले, हवा कोणाची?

घरावर कोणता अँटेना लावावा, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराला विचारण्याचा आहे. किती काड्यांचा, किती उंचीवर, कोणत्या दिशेला तोंड करून, याची उत्तरे कोणताही जाणकार कारागीर देऊ शकतो. परंतु अँटेना ही घेणारी वस्तू आहे. देणारे कोणी नसेल तर उत्तमोत्तम अँटेनाही छपरावरची कावळ्यांची बैठक ठरतो. प्रक्षेपण कोठून व्हावे, कोणत्या लहरीवर व्हावे, ते फुकट असावे की मासिक भाड्याने मिळावे, हे दुकानात ठरत नाही. ते दिल्लीत ठरते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत दिल्लीने जे ठरविले, त्याचा हिशेब रायगड जिल्ह्यातील चौकसारख्या गावाच्या छपरावर उभे राहून मांडला, तर ‘डिजिटल क्रांती’ या गोंडस शब्दाखाली सामान्य माणसाच्या हातून काय काढून घेण्यात आले, ते स्पष्ट दिसते.

चौक हे खालापूर तालुक्यातले, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने त्याची जागा मोठी मोक्याची होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. १९७३ साली पुण्याकरिता सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आले. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. डोंगर मध्ये नाहीत असे धरले, तर एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरी पृथ्वीच्या गोलाईपलीकडे जाण्यापूर्वी सुमारे ७० किलोमीटर पोचतात. चौक तेथून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटरवर आहे. गणिताने पाहिले तर चौक मुंबईच्या टप्प्यात येते. मात्र सह्याद्री गणित मानत नाही. चौकच्या उत्तरेला इर्शाळगड आणि प्रबळगड उभे आहेत. पलीकडे कर्जत आणि मुंबई यांच्यामध्ये माथेरान-इर्शाळची रांग आडवी पडलेली आहे. त्यामुळे एका आळीत चित्र स्वच्छ आणि डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर नुसत्या मुंग्या, हा या भागाचा जुना अनुभव आहे. एकाने छपरावर चढून पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने अंगणातून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे, हा उद्योग पूर्वी घरोघरी चालत असे. त्यात गैरसोय होती. पण मासिक बिल नव्हते.

आज चौकच्या रहिवाशाने डिजिटल भूप्रक्षेपणासाठी अँटेना घ्यायचे ठरविले, तर शास्त्र काय सांगते ते आधी पाहू. अँटेनाच्या काडीची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी असावी लागते. जुन्या प्रक्षेपणातल्या साठ-सत्तर मेगाहर्ट्झच्या लहरी साडेचार ते पाच मीटर लांबीच्या. म्हणून त्यांच्यासाठी काड्याही दोन मीटरहून लांब लागत. डिजिटल प्रक्षेपण ४७० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात होते. तेथे लहर अवघी साठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि काडी तिच्या निम्मी. तेव्हा अडगळीत पडलेला वडिलांच्या काळचा मोठा अँटेना या कामाला सहसा निरुपयोगी आहे. हवा तो आखूड पण पुष्कळ काड्यांचा, एकाच दिशेला रोख धरणारा ‘यागी’ जातीचा. यागी आणि उदा या दोन जपानी शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास मांडलेली ही रचना शंभर वर्षांनंतरही बदलावी लागलेली नाही. दहा-पंधरा काड्या पुरेत. त्याचे तोंड पश्चिम-वायव्येला, वरळीकडे असावे आणि काड्या प्रक्षेपणाच्या धाटणीप्रमाणे आडव्या किंवा उभ्या ठेवाव्यात. पाइप छपराच्या वर जितका जाईल तितके चांगले. कारण लहर जितकी आखूड तितकी डोंगराची सावली तिला अधिक गडद पडते. बूस्टर लावायचाच तर तो संचाजवळ न लावता वर अँटेनाजवळ लावावा, कारण केबलमध्ये जे वाया गेले ते खाली परत मिळत नाही. आणि मुळात नसलेले चित्र बूस्टर निर्माण करू शकत नाही, हेही विसरू नये. जुनी चपटी वायर न वापरता ७५ ओहमची गोल केबल घ्यावी. पाइपाला तिन्ही बाजूंनी ताण द्यावेत आणि वळवाच्या विजा लक्षात घेऊन अर्थिंग करावे.

डिजिटलची एक गोष्ट जुन्या प्रेक्षकांना चमत्कारिक वाटेल. जुने चित्र अशक्त झाले की मुंग्या येत, पण माणसाचा चेहरा ओळखू येई, आवाज कळे. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत आरशासारखे स्वच्छ राहते आणि मर्यादा ओलांडली की एकदम नाहीसे होते. मधली अवस्था फारशी नसतेच. म्हणजे काठावरच्या गावाला पूर्वी निदान अर्धेमुर्धे तरी मिळत होते, आता काहीच मिळत नाही. ज्या व्यवस्थेत काठावर उभ्या असलेल्यांचा विचार नियोजनातच करावा लागतो, तेथे तो केलाच नाही तर काय होते, याचे हे शब्दशः उदाहरण आहे.

वरचा सारा सल्ला बरोबर आहे आणि तरीही अपुरा आहे. कारण चौकच्या माणसाने एवढे सगळे करून तोंड वरळीकडे वळविले, तरी तिकडून त्याच्यासाठी काही पाठविण्याची जबाबदारी कोणी घेतली आहे काय? दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी सोळा शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. महाराष्ट्रातली दोन शहरे त्यात होती, मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद. या सेवेचे वर्णन ‘मोबाइल दूरचित्रवाणी’ असे करण्यात आले. कौलारू छपराचा आणि पत्र्याच्या घराचा त्यात उल्लेखही नव्हता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०१७ रोजी शिफारस केली की, देशात डिजिटल भूप्रक्षेपण टप्प्याटप्प्याने उभारावे आणि जुने प्रक्षेपण २०२३ च्या अखेरपर्यंत बंद करावे. या शिफारशीचा निम्मा भाग मोठ्या तत्परतेने अमलात आला, तो बंद करण्याचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की, जुन्या प्रक्षेपकांपैकी सुमारे सत्तर टक्के बंद झाले आहेत आणि मोक्याच्या जागचे सुमारे पन्नास वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. उभारण्याचा भाग कागदावर राहिला. जुनी विहीर बुजवायची, नव्या नळाचा आराखडा कपाटात ठेवायचा आणि मग गावाला पाण्याचा टँकर विकायचा, असा हा प्रकार आहे.

बंद करण्याच्या समर्थनार्थ बचतीचा आकडा देण्यात आला, वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये. हा आकडा मोठा वाटतो. पण तो एकट्याने उभा करू नये. हीच हवा विकून सरकारने काय मिळविले, तेही शेजारी मांडावे. २०२२ च्या लिलावात दूरसंचार कंपन्यांनी १,५०,१७३ कोटी रुपयांची बोली लावली. हे हक्क वीस वर्षांचे असल्याने बचतही वीस वर्षांची धरू. ती होते २,००० कोटी. म्हणजे लहरी विकून जे यायचे, त्याच्या दीड टक्क्यालाही ती पोचत नाही. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही विक्रीला मांडला होता. हा पट्टा जगभर दूरचित्रवाणीचा पट्टा म्हणून ओळखला जातो. त्याला त्या वर्षी एकही गिऱ्हाईक मिळाले नाही. लोकांसाठी वापरायचा नाही आणि बाजाराला नको आहे, अशा अवस्थेत राष्ट्राची संपत्ती पडून राहिली, तरी ज्यांना काटकसरीची फार चिंता त्यांना यात उधळपट्टी दिसली नाही!

ही संपत्ती राष्ट्राची आहे, ही कोणा समाजवाद्याची घोषणा नव्हे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, सार्वजनिक नियंत्रणाखाली झाला पाहिजे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे महाराष्ट्राने विसरू नये. अर्थशास्त्राचीही ग्वाही तीच आहे. पॉल सॅम्युएल्सन हे काही क्रांतिकारक नव्हते. परंतु त्यांनी १९५८ सालीच दूरचित्रवाणीचे उदाहरण घेऊन सांगितले होते की, ज्या वस्तूचा आणखी एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, तिला कुलूप लावणे तंत्रदृष्ट्या शक्य झाले म्हणून ते लावणे शहाणपणाचे ठरत नाही. चौकच्या वाडीवर आणखी एक अँटेना उभा राहिला तर पनवेलच्या घरातले चित्र पुसट होत नाही. मनोऱ्याचा खर्च एकदा झाला की दहाव्या घराचा खर्च शून्य आणि दहा हजाराव्या घराचाही शून्य. अशा सेवेवर दर घरामागे मासिक भाडे बसविणे म्हणजे उजेडावर जकात बसविणे होय.

आणि जकात बसलीच आहे. २०१९ च्या दररचनेत केबल व डीटीएचचे नुसते जोडणीभाडे महिना १३० रुपयांपर्यंत ठरविण्यात आले. अठरा टक्के कर धरून ते १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला सुमारे १,८४० रुपये होते. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाही उठविण्यात आली आणि भाडे कंपन्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला आणि मुंबईच्या गगनचुंबी इमारतीतल्या रहिवाशाला जोडणीभाडे सारखेच. दूरचित्रवाणीचे परवाना शुल्क १९८५ साली रद्द झाले, तेव्हा तो लोकांना दिलासा म्हणून मिरविण्यात आला. सरकारने सोडलेले ते शुल्क आज कंपन्या कित्येक पटींनी वसूल करीत आहेत. फरक एवढाच की त्याला कोणी कर म्हणत नाही, रिचार्ज म्हणतात.

येथे दोन आक्षेप येतात. त्यांना टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की, दूरदर्शनची ‘फ्री डिश’ आहे, ती फुकट आहे, मग अँटेनाचा आग्रह कशाला? फ्री डिश ही चांगली सेवा आहे, हे निःसंकोच मान्य करावे. २००४ च्या डिसेंबरात ती सुरू झाली आणि आज उद्योगक्षेत्राच्याच अंदाजांप्रमाणे चार कोटींहून अधिक घरांत ती पोचली आहे. उपग्रह आकाशात उंच असल्याने डोंगर तिला सहसा आडवा येत नाही, हा तिचा खरा गुण. परंतु तिच्यावरील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. १ एप्रिल २०२२ पासून स्टार, झी, सोनी आणि व्हायाकॉम या चार बड्या समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या तेथून काढून घेतल्या. गरिबांच्या ताटात काय वाढायचे हे बड्या कंपन्यांच्या ताळेबंदावर ठरते, ते असे. शिवाय काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच छाया टाकणारा उपग्रह खालापूर तालुक्याचे बोलणे बोलू शकत नाही. कर्जतच्या शेतकऱ्याला उद्याच्या पावसाचा इशारा, खालापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या प्रश्नांची चर्चा, आदिवासी वाड्यांच्या हक्कांची माहिती ही स्थानिक खांबावरूनच येऊ शकते.

आणि पावसाचे काय? डिशवर येणारी लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मुसळधार पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखरून टाकतात. घाटमाथ्याखालच्या या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पाऊस जेव्हा सर्वांत जास्त कोसळतो, माहितीची गरज जेव्हा सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच डिशवरचे चित्र गोठते. भूप्रक्षेपणाच्या साठ सेंटिमीटरच्या लहरीला पावसाचा अडथळा जवळजवळ होत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबले तेव्हा सत्तावीस मृतदेह हाती लागले होते आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. एखाद्या अँटेनाने ती माणसे वाचली असती, असे म्हणणे मृतांची थट्टा ठरेल. पुनर्वसन, भूगर्भीय पाहणी आणि वेळीच स्थलांतर यांचा तो प्रश्न होता. वीज गेली की संचही बंद पडतो, हेही खरे. म्हणूनच बॅटरीवरचा रेडिओ आणि बॅटरीवर चालणारा छोटा संच यांचे महत्त्व आहे. पण जो डोंगराळ मुलूख दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपतो, त्याच्यासाठी पावसात न तुटणारा एक सार्वजनिक आवाज कायम ठेवणे ही चैन नव्हे, ते शासनाचे किमान कर्तव्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्याच बाजूने येतो. दूरदर्शन हा सरकारचा भोंगा. तो बंद पडला तर बिघडले काय? आणीबाणीत दूरदर्शन आणि आकाशवाणी यांचा कसा वापर झाला, हे समाजवाद्यांना कोणी शिकवायला नको. म्हणूनच जनता राजवटीने १९७७ साली वर्गीज समिती नेमली आणि त्या समितीने ‘आकाश भारती’ या स्वायत्त विश्वस्त संस्थेची शिफारस केली. १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडले आणि स्वायत्तता अजूनही शब्दांतच आहे. हे सगळे खरे. परंतु गावची शाळा पुढाऱ्याच्या ताब्यात गेली म्हणून शाळेची इमारत पाडावी, असे कोणी म्हणत नाही. शाळा लोकांच्या ताब्यात आणावी, असे म्हणतो. खांब आणि तोंड यांत फरक आहे. तोंड बदलता येते. खांबच उपटला की बोलायला जागाच उरत नाही.

इतर देशांनी काय केले? अमेरिका हा बाजारपेठेचा मक्का. परंतु १२ जून २००९ रोजी तेथील मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण बंद झाले त्यापूर्वी सरकारने मागेल त्या घराला चाळीस डॉलरची दोन कूपने दिली, जुन्या संचाला डिजिटल पेटी जोडता यावी म्हणून. ब्रिटनमध्ये २००२ साली छपरावरच्या अँटेनावर चालणारी विनाशुल्क ‘फ्रीव्ह्यू’ सेवा आधी आली आणि जुने प्रक्षेपण संपूर्णपणे बंद झाले ते दहा वर्षांनी, २०१२ साली. आधी नवे उभारले, मग जुने पाडले. भारतात क्रम उलटा झाला. कूपन तर दूरच, चौकच्या माणसाला साधी सूचनाही कोणी घरी येऊन दिली नाही.

आता भूप्रक्षेपणाची भाषा पुन्हा सुरू झाली आहे, पण ती वेगळ्या ग्राहकासाठी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याच्या सचिवांनी एकोणीस शहरांत ‘थेट मोबाइलवर’ प्रक्षेपणाच्या चाचण्यांची घोषणा केली आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्याचा मनोदय सांगितला. मोबाइल कंपन्यांनी त्याला विरोध केला, कारण फुकट मिळणारे चित्र त्यांच्या डेटाच्या विक्रीच्या मुळावर येते. त्या विरोधावरूनच या तंत्राची सार्वजनिक किंमत कळावी! मात्र लढा शहरांपुरता आणि नव्या फोनपुरता राहिला, तर डोंगराखालच्या छपरांना त्यातून काही मिळणार नाही.

या मुलखाला हा अनुभव नवा नाही. १९१५ पासून खोपोलीच्या केंद्रात तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारा येथल्या वाड्यांच्या डोक्यावरून गेल्या. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. द्रुतगती मार्ग येथूनच पुढे जातो. खालापूर-कर्जतच्या अंगावरून सगळे काही जाते आणि थांबते ते शहरात. निदान हवा तरी त्याला अपवाद असावी.

मागण्या साध्या आहेत. मुंबई आणि पुणे येथील डिजिटल प्रक्षेपण कोणत्या गावापर्यंत पोचते, याचा तालुकावार नकाशा दूरदर्शनने मराठीत प्रसिद्ध करावा; तो हाती असल्याशिवाय कोणी अँटेनावर एक रुपयाही खर्च करू नये. डोंगराच्या सावलीतल्या कर्जत-खालापूरसाठी घाटाच्या कड्यावर छोटी सहक्षेपण केंद्रे उभारावीत. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना अँटेना आणि पेटी यांसाठी अनुदान द्यावे; त्यासाठी पैसा लहरींच्या लिलावातून यावा, कारण लहरी त्यांच्याही आहेत. ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा विनाशुल्क सार्वजनिक प्रक्षेपणासाठी कायद्याने राखून ठेवावा. आणि रोज ठरावीक वेळ तालुक्याच्या बातम्या, हवामान व ग्रामसभांच्या कामकाजासाठी द्यावी, आणि त्या वेळेचे नियंत्रण मंत्र्याकडे न देता लोकप्रतिनिधी व श्रमिक संघटनांच्या मंडळाकडे द्यावे.

यातली एकही मागणी अशक्य नाही आणि एकीलाही परदेशी तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही. रायगडच्या आमदार-खासदारांनी मते मागायला चौकच्या नाक्यावर यावे, तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्या जोडीला हा प्रश्नही त्यांच्यापुढे टाकला गेला पाहिजे. अँटेना कोणता घ्यावा, हे गावकरी स्वतः ठरवतील. तो ज्याच्याकडे तोंड करून उभा राहायचा आहे, तो सार्वजनिक मनोरा शिल्लक आहे की नाही, याचे उत्तर मात्र सत्तेवर बसलेल्यांनीच दिले पाहिजे.